पन्नास अंशांचा फरक

घरी तिला सगळे भागूबाई म्हणायचे. भित्री भागूबाई, म्हणून भागूबाई. खरं नाव सासरी कुणाच्या तोंडी बसलंच नाही, तेव्हा आपणही तेच नाव घेऊ.

लहानपणापासून तिचा स्वभाव तसा. दाराची कडी लावली की परत ओढून बघायची. गॅस बंद केला तरी अंथरुणातून उठून पुन्हा हात लावून यायची. कुणाला यायला जरा उशीर झाला की हिच्या डोळ्यांपुढे अपघात, डॉक्टर, पांढरी चादर, सगळं ओळीनं उभं राहायचं. नवरा फिरतीच्या नोकरीत होता, म्हणजे काळजीला तोटा नव्हता. धाकटा दीर कारखान्यात भट्टीवर काम करायचा. आभाळ गडगडलं की ही त्याच्या कारखान्याच्या ऑफिसात फोन लावायची, भाऊजी पोचले का म्हणून. तिथला कारकून तिचा आवाज ओळखायला लागला होता. "पोचले हो वहिनी, सुखरूप आहेत," असं ती काही विचारायच्या आत सांगून टाकायचा आणि मागे कुणीतरी हसायचं.

ती स्वतः नोकरी करायची ती एका टायरच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांच्या कचेरीत. काम जरा चमत्कारिक होतं. आसपासच्या कारखान्यांत जुनी परदेशी यंत्रं होती आणि त्यांची माहितीपुस्तकं फूट, इंच, पौंड आणि फॅरनहाइटमध्ये. यंत्रांवर नवी, सेल्सिअस आणि किलोवाली मीटरं बसली की जुनं पुस्तक आणि नवं मीटर यांचं बोलणंच बंद व्हायचं. मग ते पुस्तक या कचेरीत यायचं. भागूबाई त्याचं भाषांतर करायची आणि करता करता एकेक माप बदलायची.

आकडे काय, कुणीही बदलेल. खरी मेख असते ती आकडा वाक्यात बसवण्यात. "पट्टा साधारण दोन फूट सैल सोडा" याचं कुणी "साधारण ०.६०९६ मीटर सैल सोडा" केलं तर कामगार पुस्तक मिटून ठेवतो. तिच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांनी एका माहितीपत्रकात "मैलोन्मैल पसरलेली शेतं" चं "दीड किलोमीटरोनदीड किलोमीटर पसरलेली शेतं" करून ठेवलं होतं. ते वाक्य कचेरीत अजून कुणी कंटाळलं की मोठ्यानं वाचायचे. भागूबाईच्या हातून असलं काही होत नसे. कुठे पूर्णांक करायचा, कुठे दशांश ठेवायचा, सुरक्षिततेचं माप असेल तर कुठल्या बाजूला झुकवायचं, हे तिला बरोबर कळायचं. तिचा भित्रेपणा घरी चेष्टेचा विषय होता, कचेरीत तो उपयोगी पडायचा.

तर एक दिवस खुद्द दिराच्या कारखान्याचं पुस्तक तिच्या टेबलावर आलं.

त्या कारखान्यात दातेरी चाकं बनायची. चाकं भट्टीत लालबुंद करून एकदम तेलाच्या टाकीत बुडवायची, म्हणजे ती कडक होतात. लोखंडाला पाणी देणं म्हणतात ना, तेच. फक्त पाण्याऐवजी तेल. आता तेल म्हटलं की त्याचा फ्लॅश पॉइंट आला. म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ नुसत्या ठिणगीनं पेट घेते, ते. टाकीतलं तेल त्याच्या बरंच खाली ठेवावं लागतं, कारण लाल लोखंडाची एक खेप आत गेली की तेल दहा-पंधरा अंशांनी चढतंच.

भागूबाईनं ते पुस्तक फार मन लावून केलं. घरच्या माणसाच्या हाती पडणार होतं. छापून झालं, कारखान्यात गेलं. पुढच्या सोमवारी सकाळी दीर चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, आजपासून नवी मीटरं आणि नवं पुस्तक. फोरमननं तुमचं पान भिंतीवर चिकटवलंय. मोठी ऑर्डर आहे, टाकीला आज उसंत नाही."

तिला बरं वाटलं. एवढंच म्हणाली, "जपून करा."

"हे तुम्ही झोपेतसुद्धा म्हणत असाल," असं म्हणून तो हसत गेला.

त्या दिवशी ती घरीच राहिली, कारण सासूबाईंना रात्रीपासून ताप होता. सासूबाई आजारी पडल्या तरी जीभ काही आजारी पडायची नाही. काचेचं जुनं थर्मामीटर खिडकीच्या उजेडात फिरवत भागूबाई म्हणाली, "आई, दोन डिग्रीनं उतरला की."

"दोन डिग्री फॅरनहाइट ना? तुझ्या त्या नव्या हिशोबात किती होतात?"

"काय करायचंय तुम्हाला?"

"करमत नाही गं पडून. सांग की."

सवयीनं तिच्या डोक्यात चाक फिरलं. बत्तीस वजा करायचे, पाचानं गुणायचं, नवानं भागायचं. दोनातून बत्तीस गेले, उणे तीस. म्हणजे उणे सोळा आणि वर काहीतरी. "उणे सोळा!" असं म्हणून ती हसायला लागली. ताप उणे सोळा अंशांनी उतरला, म्हणजे काय सासूबाईंचा बर्फ झाला? मग तिचं तिलाच कळलं. दोन डिग्री हे तापमान नव्हतं, तो दोन तापमानांमधला फरक होता. फरक बदलताना बत्तीस वजा करायचेच नसतात. नुसतं पाचानं गुणून नवानं भागायचं. एकाच्या थोडं वर.

तिनं थर्मामीटर खाली ठेवलं.

पुस्तकातलं ते वाक्य तिला जसंच्या तसं दिसलं. पानाच्या तळाशी होतं. तेलाचं तापमान नेहमी फ्लॅश पॉइंटच्या किमान पन्नास अंश फॅरनहाइट खाली असावं. त्या पानावर वरपासून नुसती तापमानंच होती, आणि ती एकामागून एक त्याच लयीत बदलत आली होती. पन्नासातून बत्तीस गेले अठरा, अठरा पंचे नव्वद, भागिले नऊ. दहा. इतका स्वच्छ आकडा क्वचित मिळतो. तो पाहून तिला आनंद झाल्याचंही आठवलं. कचेरीत तिचं काम तपासणाऱ्या बाईंनी तिथल्या भिंतीवरचा मापांचा तक्ता पाहिला, पन्नास म्हणजे दहा, आणि बरोबरची खूण केली. तक्ता खोटा नव्हताच. पण इथे पन्नास हा फरक होता. तिथे यायला हवे होते अठ्ठावीस.

तेल फ्लॅश पॉइंटच्या दहा अंश खाली. आणि एक खेप बुडली की दहा-पंधरा अंश वर.

"काय गं? पांढरी का पडलीस?" सासूबाई उठून बसल्या.

ती फोनकडे गेली. दिराचा मोबाइल लागला, पण वाजून वाजून बंद झाला; भट्टीवर जाताना ते लोक फोन कपाटात ठेवायचे. मग ऑफिसात लावला.

"वहिनी, आज तर लख्ख ऊन आहे," कारकून म्हणाला.

"अहो, टाकी बंद करायला सांगा. पुस्तकात चूक आहे. दहा नाही, अठ्ठावीस."

"कुठली टाकी? कसले अठ्ठावीस?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. फरक, तापमान, बत्तीस, सगळं एकमेकांत गुंतलं. पलीकडून तो समजूत घातल्यासारखा म्हणाला, "फोरमन जेवायला आले की निरोप देतो. तुम्ही शांत बसा बरं." मागे कुणीतरी हसलंच.

तिनं कचेरीतल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "थांब, घाई करू नकोस. मूळ पुस्तक काढतो, खात्री करून घेऊ. चूक असेल तर रीतसर शुद्धिपत्रक काढू. उगाच आपणहून बोभाटा करायचा नाही."

तिनं फोन ठेवला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना आकडे कळले नव्हते, पण आपला धाकटा त्या टाकीपाशी उभा आहे एवढं कळलं होतं.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी इथे मरत नाही."

"आई, पण कदाचित काही नसेलही. माझं नेहमीसारखंच..."

"नसेल तर हसतील. हसण्यानं कुणी भाजत नाही. जा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि पुन्हा पुन्हा हिशोब करत राहिली. प्रत्येक वेळी अठ्ठावीसच येत होते. मग दुसराच संशय आला. आपण खरंच दहा लिहिलं का? का अठ्ठावीसच लिहिलं होतं, आणि हे आपलं घाबरट डोकं आपल्याला फसवतंय? सिग्नलला बस उभी राहिली की ती मान उंचावून दिवा बदलला का बघायची. लांबवर कुठे धूर दिसतो का म्हणून ती छपरांवरून नजर फिरवत होती. एका चिमणीतून धूर येत होता. ती बेकरी निघाली. कारखान्याचा रस्ता आला तशी ती एक थांबा आधीच उतरून पळायला लागली, कारण बसून राहणं तिला शक्यच नव्हतं.

फाटकाशी आली तर सगळं जिथल्या तिथे. आतून यंत्रांची नेहमीची घरघर. एक माणूस नळावर हात धूत होता. ओळीनं मांडलेल्या कुंड्या. ती शांतता बघून ती फाटकाशीच थांबली. आत आग असती तर निदान ओरडता आलं असतं. आता आत जायचं, चारचौघांत सांगायचं, आणि सगळ्यांनी आपल्या तोंडाकडे बघायचं. तिला आगीची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच याची वाटत होती. एक क्षण तिनं परत फिरायचा विचार केला, हे ती पुढे स्वतःच सांगायची.

पहारेकऱ्यानं अडवलं. "काय काम?"

"आतल्या पुस्तकात चूक आहे."

"बाई, हे वाचनालय नाही."

तेव्हा ती आयुष्यात फार कमी वेळा बोलली असेल असं खोटं बोलली. दिराचं नाव सांगून म्हणाली, "त्यांच्या आईचं जास्त झालंय. ताबडतोब बोलवा."

दीर धावतच आला. तोंडावर तेलाचे डाग, डोळे मोठे झालेले. "आई? काय झालं आईला?"

"आई बऱ्या आहेत. भाऊजी, टाकी बंद करा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा रागानं लाल झाला. "वहिनी, शपथेवर सांगतो, एक दिवस तुमच्या काळजीनंच माझा जीव जाणार आहे. अहो, माझे पाय कापतायत बघा."

"ऐका. रागवा नंतर. आईंचा ताप दोन डिग्रीनं उतरला. मी तो सेल्सिअसमध्ये केला तर उणे सोळा आला."

"काय?"

"उणे सोळा. येईल का असा? ताप उतरणं म्हणजे फरक. फरकातून बत्तीस वजा करत नाहीत. तुमच्या भिंतीवरच्या पानात मी केलेत. पन्नासाचे दहा केलेत. अठ्ठावीस हवे होते, भाऊजी. तेल अठ्ठावीस अंश खाली ठेवायचं असतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा राग विरत गेला. ओठ हलत होते, तो मनातल्या मनात गुणाकार करत होता. "आमच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट एकशे सत्त्याहत्तर," तो सावकाश म्हणाला. "दहा खाली म्हणजे एकशे सदुसष्ट. धोक्याची घंटा आम्ही तिथे लावलीय. मी बाहेर आलो तेव्हा तेल एकशे एकसष्टवर होतं. आणि पुढची खेप..." तो वळून पळाला. पहारेकरी ओरडत राहिला, आणि भागूबाई दिराच्या मागे आत शिरली.

आत अंधारल्यासारखं होतं आणि करपट, आंबूस वास भरला होता. दिराची वाट बघून फोरमननं स्वतःच खेप भट्टीतून काढली होती. लोखंडी पिंजरा साखळीला लटकत होता, आत दातेरी चाकं नारिंगी पेटलेली. पिंजरा टाकीच्या बरोबर वर आला होता. टाकीवर पातळ निळसर धूर तरंगत होता. फोरमनच्या हातात पिंजरा वरखाली करायची, वायरला लटकणारी कळपेटी होती.

"खाली सोडू नका!" दीर ओरडला.

"का? होतास कुठे तू? माल गार होतोय!"

"आकडा चुकलाय. पुस्तकातला."

"पुस्तकात दहा लिहिलंय, मी दहा ठेवलेत."

"ते मी लिहिलंय," भागूबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाली. "ते मी लिहिलंय. चुकलंय माझं. अठ्ठावीस पाहिजेत."

फोरमननं तिच्याकडे पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या डोक्यात गार होत चाललेली चाकं होती. "बरं, बरं. एवढी खेप बुडवतो, मग बसून बघू." त्याचा अंगठा कळीकडे गेला.

टाकीभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. खेप उतरताना त्या रेघेच्या आत माणूस असता कामा नये, असला तर पिंजरा उतरवायचाच नाही, हा तिथला सगळ्यात कडक नियम. हाही नियम भागूबाईनंच भाषांतरित केला होता. तिनं तो आठवून काही ठरवलं असं नाही. तिला एवढंच कळलं की बोलून हा माणूस थांबणार नाही. ती रेघेच्या आत गेली आणि टाकीच्या काठाला जाऊन उभी राहिली.

आच अंगावर आली तशी तिच्या पापण्या आपोआप मिटल्या. डोक्यावर ते लाल लोखंड. चपलेचा तळ मऊ होत असल्यासारखा वाटला. तोल गेला तर तेलातच पडू असं तिला वाटलं, म्हणून तिनं कठड्याला धरलं, आणि कठडा इतका तापलेला होता की हात लगेच काढावा लागला. ती रडत होती. आणि एकच शब्द म्हणत होती, "अठ्ठावीस. अठ्ठावीस."

"बाजूला व्हा! बाई, वेड लागलंय का? बाजूला व्हा!"

ती हलली नाही. ती नंतर म्हणायची, शूर म्हणून नाही हलले, पाय उचलतच नव्हते.

दिरानं पुढे होऊन फोरमनच्या हातातून कळपेटी काढून घेतली. पिंजरा आडवा सरकला, टाकीवरून पलीकडे गेला आणि वाळूच्या ढिगावर टेकला. मग त्यानं वहिनीला दंडाला धरून रेघेबाहेर आणलं.  वाळूवर लोखंड गार होता होता टिकटिक आवाज करत होतं.

फोरमन शिव्या देणार होता, पण दिरानं त्याला बाजूला घेतलं आणि आईच्या तापाची गोष्ट सांगितली. फोरमननं भिंतीवरच्या पानाच्या कोऱ्या कडेला पेन्सिलनं हिशोब मांडला. खोडला, पुन्हा मांडला. मग त्यानं जाऊन टाकीखालचे हीटर बंद केले, एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला.

"सकाळपासून किती खेपा झाल्या आपल्या?" त्यानं विचारलं. 

त्या दिवशी आग लागली नाही. ती खेप बुडाली असती तर लागली असतीच का, हेही कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. चाकांची ती खेप वाया गेली, हे मात्र सगळ्यांना दिसलं. म्हणून भागूबाईची कुणी पाठ थोपटली नाही. उलट दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक कचेरीत येऊन साहेबांना वाट्टेल ते बोलून गेले. आपली नोकरी गेली हे धरूनच ती टेबलाचे खण आवरायला लागली होती.

साहेबांनी तिला आत बोलावलं. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. तिनं ती नजर ओळखली, कारण आरशात ती रोज बघायची. ते म्हणाले, "आणखी कुठल्या पुस्तकात असा फरक असेल?"

हे तिच्या मनात आलंच नव्हतं. आता आलं, आणि कालच्या दिवशी वाटली नव्हती अशी भीती वाटली. काल एक टाकी होती, ती कुठे आहे ते माहीत होतं. आता तिनं आजवर केलेली सगळी पुस्तकं कुठल्या कुठल्या भिंतींवर चिकटलेली होती.

त्या दोघांनी कपाटं रिकामी केली. पान न पान पाहिलं. पुढचे कित्येक दिवस तिला जेवण जात नव्हतं. फोन वाजला की ती उभी राहायची. शेवटी आणखी एकच जागा सापडली. एका काचेच्या कारखान्याचं पुस्तक. तापलेली काच तासाला नव्वद अंश फॅरनहाइटहून जास्त वेगानं गार करू नये, असं मूळ वाक्य. तिनं नव्वदाचे बत्तीस केले होते, हवे होते पन्नास. म्हणजे काच उलट जास्तच सावकाश गार होत होती. तिनं फोन केला तेव्हा तिथला माणूस उसळलाच. "तरीच! नव्या पुस्तकापासून आमची एकेक बरणी अर्धा दिवस खाते! आम्हाला वाटलं, आता हीच पद्धत असेल."

फोन ठेवून ती इतकी हसली की तपासणाऱ्या बाई पाणी घेऊन धावत आल्या, आणि मग दोघीही रडल्या.

तिची नोकरी राहिली. त्यानंतर ती शूर वगैरे झाली नाही. काही महिन्यांनी एका दवाखान्याचं पुस्तक आलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचं. पहिलंच पान बघून तिनं ते साहेबांच्या टेबलावर परत नेऊन ठेवलं. "हे माझ्याच्यानं होणार नाही." साहेब म्हणाले, "मग कोणाच्यानं होईल, ते नाव सांग." तिला नाव सुचलं नाही.

शेवटी तपासणाऱ्या बाईंनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी आणली. भागूबाई एकेक वाक्य मोठ्यानं वाचायची, आणि आकडा आला की थांबून विचारायची, "हे तापमान, का फरक?" बाई वाक्य पुन्हा ऐकायच्या, मग सांगायच्या. मगच तो आकडा बदलायचा.  खाली दुकानात टायर आपटल्याचा आवाज झाला की ती दचकायची आणि ओळ हरवायची.

"पेटीतील हवा दोन अंशांहून जास्त..." तिनं वाचलं आणि ती थांबली.

"फरक," बाई म्हणाल्या. "लिही. आणि पुढचं वाच."